रंग पार्लरचा, पाणी घरचं

केसांना रंग लावायचं कसब पार्लरवालीचं. तो टिकवायचं काम मात्र आपल्या गळ्यात असतं, आणि ते कसं करायचं हे खोक्यावरच्या हसऱ्या बाईने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. खोक्यात हातमोजे असतात, ट्यूब असते, डेव्हलपरची बाटली असते, कंडिशनरची एक पुडी असते. पुढचे दोन महिने त्या डोक्याचं काय करायचं, याबद्दल अवाक्षर नाही. पार्लरमध्येही ब्लो-ड्राय करून आरशात मागची बाजू दाखवली की निरोप. म्हणून हे लिहिते आहे. यातलं शास्त्र आणि शहाणपण बहुतेक माझ्या पार्लरवालीचं, भोगलेलं तेवढं माझं आणि आमच्या घरच्यांचं.

मी रंग लावायला लागले तेव्हा बँकेत काउंटरवर बसत होते. कानशिलं पांढरी झाली होती, पण मला त्याचं काही नव्हतं. मग एक पेन्शनर आजोबा, वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, नातवाला घेऊन आले आणि त्याला म्हणाले, “आजींना नमस्कार कर.” त्याच शनिवारी मी पार्लर गाठलं. तेव्हा आम्ही सदाशिव पेठेत राहायचो, नळाला खडकवासल्याचं पाणी. चॉकलेटी रंग लावून घ्यायचे, हाताला येईल त्या शॅम्पूने धुवायचे आणि पुढच्या टच-अपपर्यंत रंग मुकाट्याने राहायचा. पुढे मुलाच्या नोकरीच्या सोयीने वाघोलीला आलो. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली, पण आमच्या सोसायटीच्या टाकीत बोअरचं आणि टँकरचंच पाणी जास्त. पहिल्याच उन्हाळ्यात माझं डोकं विटकरी दिसायला लागलं. रंग तोच, पार्लर तेच, लावणारीही तीच. केसांतून बोटं फिरेनात, न्हाल्यावर विंचरायला बसलं की गुंता सोडवता सोडवता हात भरून यायचे.

भांडायच्या तयारीनेच गेले होते. ती सांगलीकडची, माझ्याहून बरीच लहान, हाताने चलाख आणि तोंडाने फटकळ. तिने माझं ऐकून घेतलं, केसांची एक बट उचलली, शेंडा दोन बोटांत चोळून पाहिला आणि विचारलं, “काकू, घरात डाळ शिजते का हो नीट?”

मला वाटलं, विषय बदलते आहे. पण डाळ शिजत नव्हती हे खरं. कुकरच्या शिट्ट्या वाढल्या होत्या आणि मी दोष तुरीला देत होते. साबणाला फेस येत नव्हता, गीझरचं कॉइल वर्षाच्या आत गेलं होतं, शॉवरची निम्मी भोकं बुजली होती आणि बाथरूमच्या काळ्या टाइल्सवर पांढरे ओघळ उठले होते. ते कशानेच निघत नव्हते. हे सगळं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “मग केसांवर काय गुलाबपाणी पडतंय का?”

जड पाणी म्हणजे ज्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले आहेत असं पाणी. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टच्या भेगांतून मुरत गेलेलं पाणी बोअरमधून वर येतं ते हे क्षार घेऊनच. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरं पाणीच मिळत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. हे तपासायला प्रयोगशाळा आहेत. सोसायटीतले उत्साही काका टीडीएसचं पेन घेऊन दारोदार फिरतात, त्यावर मात्र विसंबू नका. टीडीएसमध्ये विरघळलेलं सगळंच धरलं जातं, साधं मीठसुद्धा. कठीणपणा त्यातला किती हे ते पेन सांगत नाही. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर पाण्याच्या बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, त्यात अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाका, झाकण लावून हलवा. वर फेस उभा राहिला आणि खाली पाणी नितळ असेल तर पाणी हलकं. फेस नाही आणि पाणी दुधाळ, तर समजून घ्या.

हे क्षार रंगवलेल्या केसाला जास्त चिकटतात. त्याचं कारण समजायला रंग केसात बसतो कसा, ते माहीत हवं. अमोनिया केसाच्या वरच्या खवल्यांचं आवरण फुगवून उघडतो. त्यातून रंगाचे बारीक, बहुतेक बिनरंगी रेणू आत शिरतात. पेरॉक्साइड दोन कामं करतं: आपला मूळचा काळा रंग थोडा उडवतं आणि त्या बारीक रेणूंना एकमेकांत जोडून मोठे, रंगीत रेणू घडवतं. मोठे झाले की ते सहज बाहेर पडू शकत नाहीत. पॅरिसमध्ये १९०७ साली युजेन श्यूलर नावाच्या तरुण रसायनज्ञाने केसांचा रंग करून तिथल्या केशभूषाकारांना विकायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे लॉरिआल उभी राहिली. गंध, पॅकिंग, जाहिरात सगळं बदललं, पण पक्क्या रंगाची ही मूळ युक्ती आजही तीच आहे. ‘अमोनिया फ्री’ म्हणतात त्यातही अमोनियाच्या जागी दुसरा अल्कली असतो. वास येत नाही, एवढंच सुख.

या सगळ्या खटाटोपात केसाच्या प्रथिनात जे बदल होतात, त्याने केसावरचा ऋण विद्युतभार वाढतो. कॅल्शियम धन भाराचं. ते येऊन बसतं आणि थर साचत जातो. केस कडक होतो, चमक जाते, रंग मळकट दिसतो. मग आपल्याला वाटतं केस स्वच्छ झाले नाहीत, म्हणून आपण जास्त शॅम्पू घेतो, जास्त कढत पाणी घेतो, जास्त घासतो. उरलेला रंग या घासण्यात जातो.

आणि तो गेला की खालून तांबूस का निघतं? पेरॉक्साइडने आपला मूळचा काळा रंग आधीच फिका केलेला असतो, आणि काळा केस फिका होताना तांबूस, मग नारिंगी, मग पिवळा अशाच वाटेने जातो. वरचा चॉकलेटी पडदा विरळ झाला की तो तांबूसपणा उघडा पडतो. पांढऱ्या केसांत खाली असलं काहीच नसतं, म्हणून तिथे रंग उतरला की नुसती फिकट, पिवळट कळा येते. माझ्या डोक्याच्या मागच्या भागावर वीट आणि कानशिलांवर वाळलेलं गवत, असा तो दुहेरी कारभार होता. तो झाकायला घाईने आणखी एक खोकं आणून लावावं, हा पहिला विचार सगळ्यांच्याच मनात येतो. तिने मला तिथेच थांबवलं. “थर काढल्याशिवाय वरून रंग लावायचा नाही. क्षारांत तांबं-लोखंड असलं तर पेरॉक्साइड त्याच्याशी खेळतंय, आणि मग केसाचं काय होतंय ते मला नका विचारू.”

थर काढायला चिलेटिंग शॅम्पू मिळतो. साधा ‘क्लॅरिफायिंग’ तेल-जेल काढतो, क्षार काढायला चिलेटिंगच लागतो. लेबलवर ईडीटीए किंवा फायटिक ॲसिड अशी नावं दिसतात. ईडीटीए थोडंफार जवळपास प्रत्येक शॅम्पूत असतं, त्यामुळे नुसतं नाव पाहून भुलू नका. बाटलीवर जड पाण्यासाठी असं स्पष्ट म्हटलेलं हवं. तो लावून थोडा वेळ ठेवायचा, धुवायचा, वर भरपूर कंडिशनर. माझ्या बाबतीत पहिल्या धुण्यातच फरक कळला: विटेखालून थोडा चॉकलेटी पुन्हा वर आला. पण हा शॅम्पू रंगही थोडा नेतो. म्हणून महिन्याकाठी एकदा, आणि टच-अपच्या चार-पाच दिवस आधी. दर आठवड्याला नाही.

शॉवरला लावायच्या फिल्टरची आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाट आली होती. मीही घेतला. तो क्लोरीन कमी करतो, गाळ अडवतो. कठीणपणा त्याने फारसा जात नाही. त्याला सॉफ्टनर लागतो, मिठावर चालणारा, ज्याच्या आत रेझिन कॅल्शियम धरून सोडियम सोडतं. तो इमारतीला बसवायचा म्हणजे वार्षिक सभेत मंजुरी हवी, आणि आमच्या सभेत ज्यांनी ‘अनावश्यक खर्च’ म्हणून हात वर केले त्या दोघांच्या डोक्यावर केस नव्हते. तोवर तिने सांगितलेला उपाय स्वस्त आहे. धुणं नळाच्या पाण्याने, पण शेवटचा हात हलक्या पाण्याने. एक छोटी बादली पुरते. आरओचं पाणी घ्या, पावसाळ्यात पागोळ्यांचं धरलंत तर त्याहून छान. त्या पाण्यात लिटरला एक चमचा व्हिनेगर टाकलं तर खवले मिटायला मदत होते आणि केस मऊ लागतात. टाळूला जखम किंवा खाज असेल तर व्हिनेगर नको. बेकिंग सोडा तर कधीच नको, तो अल्कली आहे, मिटलेलं पुन्हा उघडतो. आणि लिंबू पिळून उन्हात बसायचा सल्ला जी देईल ती तुमची हितचिंतक नाही, त्याने रंग उडतो.

धुण्याबद्दल तिचं मत ऐकून मला आधी पटलं नव्हतं. मी विचारलं होतं, सल्फेट-फ्री शॅम्पू कुठला घेऊ? ती म्हणाली, “घ्या कुठलाही मऊ, पण रंग शॅम्पूपेक्षा पाण्याने जास्त जातो. ओला केस फुगतो, फुगला की आतलं बाहेर येतं. तुम्ही रोज डोक्यावरून घेता ते बंद करा आधी.” हे खरं निघालं. शॅम्पू बदलून जेवढा फरक पडला नाही तेवढा रोजचं न्हाणं आठवड्यातून दोनदावर आणल्याने पडला. रंग लावल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस डोकं भिजवायचंच नाही. मधल्या दिवशी घाम आलाच तर टाळूवर थोडं ड्राय शॅम्पू, नाहीतर सरळ अंबाडा. पाणी कोमट, आणि कोमट म्हणजे मनगटावर घेतलं तर गरम लागू नये असं. बायकांना कढत पाण्याने न्हायची इतकी सवय असते की आपलं ‘कोमट’ हे इतरांचं उकळतं असतं. शॅम्पू हातात घेऊन थोड्या पाण्यात सोडवायचा आणि फक्त टाळूला चोळायचा. लांबीवरून त्याचं पाणी ओघळतं तेवढं पुरे. कंडिशनर उलट, कानाच्या खाली. शॉवरपेक्षा बादली-तांब्या बरा, किती पाणी ओतलं ते डोळ्यांना दिसतं.

आमच्या आईच्या पिढीचा शिकेकाईवर विश्वास आहे. शिकेकाईची भुकटी ठीक आहे, ती मुळात आम्लधर्मी असते; पण रंगवलेल्या केसांत तिचा चोथा अडकतो आणि तो काढताना केस तुटतात. गाळून पाणी घ्या. ‘शिकेकाई साबण’ मात्र साबणच असतो, आणि साबण म्हणजे अल्कली. जड पाण्यात त्याची चिकट साय होते, ती केसांवर बसते. नरकचतुर्दशीला मी उटणं लावते, कारीट फोडते, सगळं करते, पण डोक्यावरून नहाणं त्या साबणाने नाही.

तेलावर आमचं दोघींचं अजून पूर्ण एकमत झालेलं नाही. तिचं म्हणणं, रंगाच्या दिवशी तेल नको, आणि लाल, जांभळे असले नुसते वरवर बसणारे फॅन्सी रंग असतील तर तेल त्यांना नेतंच. माझं म्हणणं, खोबरेल तेलाशिवाय हे केस जगणार नाहीत. २००३ मध्ये मुंबईत मॅरिकोच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुण्याआधी आणि नंतर लावलं तर केसातलं प्रथिन वाहून जाणं खोबरेलानेच कमी केलं, बाकी दोघांनी नाही. खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीने खोबरेल तेलाला पहिला नंबर दिला, यावर मीही हसले होते. पण त्याचा रेणू छोटा, सरळ, केसात शिरू शकणारा असतो ही गोष्ट नंतर इतरांच्या कामातूनही दिसली आहे. तेव्हा आमची तडजोड अशी: न्हाण्याआधी तास-दोन तास, लांबीला आणि शेंड्यांना, टाळूला बेताचं. चंपी करकरून नाही. रात्रभर थापून ठेवून सकाळी ते काढायला तीनदा शॅम्पू करावा लागत असेल तर त्या तेलाने फायदा काय झाला?

आता मुळं आणि शेंडे. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. खांद्याखाली उतरलेल्या केसाचा शेंडा म्हणजे तीनेक वर्षांपूर्वीचा केस. त्यावर या तीन वर्षांत जे जे केलं ते सगळं अजून तिथेच आहे. टच-अपला रंग फक्त नव्याने आलेल्या मुळांना लावायचा. घरी लावताना उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून शेवटी सगळा लांबीवर ओढला जातो. दर वेळी असं झालं की शेंडे दर वेळी अधिक काळे, अधिक पोकळ होत जातात आणि मग चिरतात. शेंडे फिके वाटलेच तर पार्लरमध्ये टोनर किंवा ग्लॉस मागा. त्यात पेरॉक्साइड अगदी कमी असतं. घरी खोक्यातून येणारा डेव्हलपर, म्हणजे हेच पेरॉक्साइड, बऱ्याचदा वीस व्हॉल्यूमचा, म्हणजे सहा टक्क्यांचा असतो. पांढरे केस झाकायला तो पुरेसा आहे. तीस आणि चाळीस व्हॉल्यूम, म्हणजे नऊ आणि बारा टक्के, हे ऑनलाइन सुटे मिळतात म्हणून घरात आणू नयेत.

रंगाच्या नंबराबद्दलही एक. पहिला आकडा गडदपणाचा: एक म्हणजे काळा, दहा म्हणजे सर्वांत फिका. पुढचा आकडा छटेचा, आणि तो कंपनीगणिक थोडा बदलतो. आमच्या मजल्यावरच्या मुलीने वर्षानुवर्षं काळा रंग लावलेल्या केसांवर एक दिवस घरीच सात नंबर लावला. मुळांचे दोन बोटं नवे केस संत्र्यासारखे नारिंगी झाले, खाली सगळं पहिल्यासारखं काळं. पार्लरवालीने तिला जे सांगितलं ते सोनारांच्या दुकानातल्या पाटीसारखं भिंतीवर लावायला हरकत नाही: रंगाने रंग उतरत नाही. आधीचा काळा उतरवायला ब्लीच लागतं आणि ते काम घरच्या आरशासमोर करायचं नाही. आणखी एक, जांभळ्या शॅम्पूचं वेड सध्या फार आहे. जांभळा पिवळेपणा मारतो. आपल्या केसांचा त्रास बहुतेक नारिंगीचा असतो, त्याला निळा लागतो.

यापुढचं मात्र रंग टिकण्या-उडण्याचं नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाई पार्लरला जात नसत. वर्षानुवर्षं एकाच छापाच्या काळ्या मेहंदीची पुडी लावायच्या. पुडीवर पानं, फुलं, ‘हर्बल’. पुतण्याच्या लग्नाच्या चार दिवस आधी नेहमीप्रमाणे लावली. दुसऱ्या दिवशी टाळूला खाज, तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. भांगाच्या रेषेवर बारीक फोडांची ओळ, कानांच्या पाळ्या सुजून जाड झालेल्या आणि त्यांतून पिवळसर पाणी गळून उशीच्या अभ्ऱ्याला चिकटलेलं. सोडवताना त्या कळवळायच्या. त्वचारोगतज्ज्ञांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. सीमांतपूजनाच्या एकाही फोटोत त्या नाहीत. त्यांना सगळ्यात राग आला होता तो याचा की, “इतकी वर्षं लावतेय, कधी काही झालं नाही.”

ही ॲलर्जी अशीच असते. आधीच्या वापरातच शरीर त्या पदार्थाविरुद्ध तयार होत असतं, आणि एक दिवस उलटतं. त्या पुडीच्या मागे, भिंगाने वाचावं लागेल अशा अक्षरात, पॅरा-फेनिलिनडायअमाइन लिहिलेलं होतं. पीपीडी म्हणतात ते हेच. बहुतेक पक्क्या गडद रंगांत ते असतं आणि काळ्या मेहंदीच्या पुड्यांत तर पुष्कळदा असतं. नुसत्या मेहंदीच्या पानाने केस तांबूसच होतो, आणि त्यालाही तास-दोन तास लागतात. निळीच्या पानांची पूड जोडीला घेऊन तो गडद करता येतो, पण तेही सावकाशीचं काम आहे. जी पूड अर्ध्या-पाऊण तासात केस काळेभोर करते ती नुसती पानांची नसते. लग्नात लेकीसुनांच्या, लहान मुलींच्या हातांवर काढतात त्या झटपट काळ्या कोनमध्येही पीपीडी असू शकतं, आणि तिथे लागलेली ॲलर्जी पुढे आयुष्यभर केसांच्या रंगाला आडवी येते.

आपल्याकडे पीपीडी असलेल्या रंगाच्या खोक्यावर इशारा आणि आधी चाचणी करायची सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आपण ती वाचत नाही, एवढंच. कानाच्या मागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, वापरायला कालवतो तसाच रंग एक टिकलीएवढा लावायचा, वाळू द्यायचा. खोक्यावर चोवीस तास लिहिलेलं असतं. पार्लरवाली दोन पूर्ण दिवस थांबायला सांगते, कारण ही ॲलर्जी उशिरा उठते. लाली, खाज, फोड, काहीही दिसलं तर तो रंग लावायचा नाही. आणि चाचणी दर वेळी, तोच छाप असला तरी. पार्लरमध्ये कुणी “अहो, आमच्याकडे आजवर कुणाला काही झालं नाही” म्हणालं तर पर्स उचलून निघा. भुवया-पापण्यांना हा रंग कधीही लावू नका, डोळा जाऊ शकतो. तोही इशारा खोक्यावर असतो.

ज्यांना एकदा असं झालं त्यांनी ‘पीपीडी फ्री’ वाचून खूश होऊ नये. त्यात पीपीडीच्या जागी त्याचेच भाऊबंद असतात, आणि ते कित्येकांना तितकेच बाधतात. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून नेमकी कशाची ॲलर्जी ते शोधून देतात. जाऊबाईंनी ती तपासणी केली, चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि रंग कायमचा सोडला. त्यांचे केस आता शुभ्र आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आमच्या कुणाहीपेक्षा शोभतात.

मेहंदीची दुसरी गोष्ट पार्लरमध्ये लपवण्याची. “काही लावलं होतं का आधी?” असं विचारलं की बायका “नाही, काही नाही” म्हणतात, जणू ती घरची मेहंदी हा तिच्या धंद्याचा अपमान आहे. काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात. त्यावर पेरॉक्साइड पडलं तर केस तापतो, वाफ निघते, रंग हिरवट येतो, कधी केस तुटून हातात येतो. आमची पार्लरवाली शंका आली की एक छोटी बट कापून डेव्हलपरच्या वाटीत टाकून ठेवते आणि वाटीच्या बुडाला बोट लावून बघत बसते. गरम लागली की गिऱ्हाईक परत.

बाकीचं थोडक्यात. ऊन रंग उडवतं, लाल छटा सगळ्यात आधी. स्कूटरवरून जाताना पुण्याच्या मुली डोक्याला स्कार्फ गुंडाळतात त्याची टिंगल करणाऱ्यांनी त्यांचे केस बघावेत. हेल्मेटच्या आत सुती स्कार्फ असला तर घासही लागत नाही. पोहायला जात असाल तर तलावात उतरण्याआधी साध्या पाण्याने केस भिजवून थोडा कंडिशनर लावा आणि वर टोपी घाला. आधीच पाणी प्यायलेला केस तलावाचं क्लोरीन कमी ओढतो. स्ट्रेटनरचा आकडा एकशे ऐंशीच्या वर नेऊ नका, आणि ओल्या केसावर तो लावायचा नाहीच. होळीच्या आदल्या रात्री मात्र तेल सढळ हाताने, तिथे पार्लरवालीचीही हरकत नाही.

आणि एक सवय लावून घ्या, जिच्यामुळे पार्लरवाली बदलली, ती सुट्टीवर गेली किंवा तुम्ही गाव बदललंत तरी अडणार नाही. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यात दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवालीच्या सुट्ट्या हे सगळं लिहिलेलं असतंच. मी त्याच चौकोनात रंगाचं लिहिते: कंपनी, नंबर, किती व्हॉल्यूम, किती वेळ ठेवला, फक्त मुळं की सगळे, चाचणी कधी केली, चिलेटिंग शॅम्पू कधी. महिना संपला की तेवढं पान फोनमध्ये काढून ठेवते. परवा नव्या पार्लरमधल्या मुलीने नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा मी फोन तिच्यासमोर धरला. तिने मोठं करून नीट वाचलं, मग म्हणाली, “काकू, चार तारखेला दोन लिटर जास्त दूध कशाला घेतलं होतं?”